लिप बाम तासातासाला लावूनही ओठ का उलतात?

प्रश्न असा आला आहे: "मी सत्तावीस वर्षांची आहे, पुण्यात एसी ऑफिसात नोकरी करते. एक लिप बाम पर्समध्ये, एक टेबलावर आणि एक उशाशी असतो. तासाला एकदा तरी लावते, तरी ओठांची सालं निघतात आणि आता कडा काळपट दिसायला लागल्यात. लिप बामची सवय लागते का? नेमका कोणता घ्यावा? आजी म्हणते बेंबीत तेल घाल आणि ओठांना तूप लाव. त्यात काही तथ्य आहे का?"

तुमच्या प्रश्नातला सगळ्यात कामाचा शब्द तुम्ही सहज लिहून गेला आहात: "तासाला". बाम योग्य असला आणि नीट लावला तर दिवसातून चार-पाच वेळा पुरतो. जेवणानंतर, बाहेर पडताना, रात्री झोपताना. तासातासाला हात पर्सकडे जात असेल तर तो बामच ओठांना चुरचुरवत असतो, नाहीतर दोन वेळांच्या मध्ये जीभ ओठांवरून फिरत असते. पुष्कळदा दोन्ही. आणि कडा काळ्या पडू लागल्या आहेत म्हणजे मला ॲलर्जीचाही संशय येतो. त्याकडे नंतर येते.

मी नाशिकला बावीस वर्षं त्वचारोगाची प्रॅक्टिस करते आहे. दिवाळी सरली, निफाडचा पारा पाच-सहा अंशांवर उतरल्याच्या बातम्या आल्या, की माझ्याकडे उललेल्या ओठांची रांग लागते ती शिवरात्रीपर्यंत. पण तुमच्यासारखे पेशंट बाराही महिने येतात, आणि त्यांच्याकडे बाम नसतो असं कधीच होत नाही. उलट बाम फार असतात.

आधी ओठ म्हणजे काय ते बघू. आपण ज्याला ओठ म्हणतो तो लालसर भाग धड त्वचाही नाही आणि धड तोंडातलं अस्तरही नाही. बाहेरच्या त्वचेला तेलाच्या ग्रंथी असतात, घामाच्या असतात, त्यामुळे तिच्यावर एक नैसर्गिक तेलकट पापुद्रा राहतो. ओठांना घामाच्या ग्रंथी नाहीत, केस नाहीत आणि तेलाच्या ग्रंथीही जवळजवळ नाहीत. (काहींच्या ओठांवर पिवळसर बारीक ठिपके दिसतात, त्या चुकून तिथे आलेल्या तेलग्रंथीच. त्यांना काही करायचं नसतं, तरी दर महिन्याला कुणीतरी घाबरून दाखवायला येतंच.) तोंडाच्या आतल्या अस्तराला निदान लाळेचा ओलावा असतो, ओठांना तोही नाही. वरचा मृत पेशींचा थर चेहऱ्याच्या मानानेही अगदी पातळ. म्हणून आतलं पाणी इथून सतत उडत असतं. हवा कोरडी झाली, एसी सुरू झाला, नाक चोंदल्यामुळे रात्रभर तोंडाने श्वास घेतला, की ते उडणं वाढतं आणि साल सुटायला लागते.

बामचं काम एवढंच, की हे उडणारं पाणी अडवायचं. बाम स्वतः ओठांना पाणी देत नाही. बहुतेक कांडीच्या बाममध्ये पाणी नसतंच. तो पातेल्यावरचं झाकण आहे. पातेल्यात पाणी नसेल तर नुसतं झाकण ठेवून भात शिजत नाही, आणि कोरड्याठाक, सालं सुटलेल्या ओठांवर बाम घासून ओठ मऊ होत नाहीत.

मागच्या जानेवारीत एक इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी आली होती, तिची गोष्ट सांगते. मी म्हटलं, बाम कसा लावतेस ते दाखव. तिने कांडी काढली, खालच्या ओठावरून डावीकडून उजवीकडे आणि परत, मग ओठ एकमेकांवर दाबले, झालं. दोन सेकंद. कांडी सुटलेल्या सालांच्या वरून गेली होती आणि सालांच्या मधल्या लाल भेगा तशाच उघड्या होत्या. वरच्या ओठाला जे लागलं ते खालच्याकडून उसनं. मी तिला कोमट पाण्यात बुडवून पिळलेला कापूस दोन मिनिटं ओठांवर ठेवायला सांगितला. साली फुगून मऊ पडल्या. त्या ओढायच्या नाहीत. ज्या आपोआप कापसाला येतील त्या येतील. मग टिपून, ओठ अजून दमट असतानाच, तूरडाळीच्या दाण्याएवढी पेट्रोलियम जेली बोटावर घेऊन थोपटत लावली: दोन्ही ओठ, कडेच्या रेषेच्या जरासं बाहेरपर्यंत, आणि तोंड किंचित उघडून दोन्ही कोपरे. कोपरे सगळेच विसरतात. तिला म्हटलं, आता आरशात बघ, आणि हे असं दिवसातून चार वेळा. आठवड्याने आली तेव्हा तिच्या ओठांपेक्षा तिच्या आईच्या तक्रारीत जास्त फरक होता: "डॉक्टर, आता दर दहा मिनिटांनी आरसा नाही मागत." औषध मी काहीच दिलं नव्हतं.

आता बामच्या आत काय असतं ते. लेबलवरचे घटक साधारण उतरत्या क्रमाने छापतात, म्हणजे पहिल्या पाच-सहा नावांतच तुमचा बाम काय आहे ते कळतं. झाकणाचं काम करणारे घटक म्हणजे पेट्रोलियम जेली, मधमाश्यांचं मेण, कँडेलिला किंवा कार्नोबासारखी वनस्पतींची मेणं, मेंढीच्या लोकरीतून निघणारं लॅनोलिन, डायमेथिकोन नावाचं सिलिकोन. दुसरा गट भेगांमधल्या जागा भरून ओठ गुळगुळीत करणाऱ्या तेलांचा: एरंडेल, खोबरेल, बदाम तेल, शिया, कोको, कोकम. तिसरा गट पाणी ओढून धरणाऱ्यांचा: ग्लिसरीन, मध, हायलुरॉनिक ॲसिड. हा तिसरा गट वर झाकण असेल तरच उपयोगी. कोरड्या हवेत ओठांवर नुसतं ग्लिसरीन चोपडलं तर ते बाहेरून पाणी कुठून ओढणार? आतलंच ओढतं. थंडीत बाटलीतलं ग्लिसरीन तसंच्या तसं लावून ओठ आणखी ताणल्यासारखे झाले अशी तक्रार करणारे बरेच भेटतात.

झाकण म्हणून पेट्रोलियम जेलीच्या जवळपास येणारं दुसरं काही नाही. वनस्पतींची तेलं तिच्या पुष्कळ मागे आहेत. हे मी सांगितलं की लोक नाक मुरडतात: "पण ते पेट्रोल ना?" अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात तेलविहिरींवरचे कामगार पंपाच्या दांड्यांवर साचणारा मेणचट गाळ जखमा-भाजण्यावर लावायचे, ते रॉबर्ट चेसब्रो नावाच्या तरुण रसायनतज्ज्ञाने पाहिलं, तो गाळ शुद्ध केला आणि १८७२ मध्ये व्हॅसलीनचं पेटंट घेतलं. आज औषधी दर्जाची पांढरी जेली पुन्हा पुन्हा शुद्ध केलेली असते. तिला वास नाही, रंग नाही, चव नाही, आणि ॲलर्जी इतकी क्वचित की आम्ही पॅच टेस्टमध्ये, म्हणजे ॲलर्जी कशाची ते शोधायच्या तपासणीत, इतर पदार्थ मिसळायला तीच वापरतो. चेसब्रो म्हणे रोज चमचाभर खायचा. तसं करायची गरज नाही, पण ओठांवरून थोडी पोटात गेली तर काही बिघडत नाही.

आता घटकांमधले खलनायक. मेंथॉल, कापूर, पेपरमिंट, निलगिरी, दालचिनी, फेनॉल, सॅलिसिलिक ॲसिड. हे ज्या बाममध्ये असतात तो लावला की गार वाटतं, झिणझिणतं, आणि आपल्याला वाटतं "काम करतोय". मेंथॉल ओठ गार करत नाही, थंडी ओळखणाऱ्या नसांच्या टोकांना तो चाळवतो. धडधाकट ओठांना ते चालून जातं. उललेल्या ओठांना मात्र त्याची आग होते, साल आणखी सुटते, ओठ ताणतात, मग पुन्हा बाम, पुन्हा गार. तुम्ही विचारलंत की सवय लागते का. दारू-तंबाखूची लागते तशी सवय लावणारं बाममध्ये काही नसतं, आणि "बाम लावला की ओठ स्वतःचं तेल बनवायचं थांबवतात" हेही खरं नाही, कारण ते आधीही बनवत नव्हते. पण चुरचुरणाऱ्या बामचं हे चक्र सवयीसारखंच वाटतं. ओठ फुगवणारे म्हणून मिळतात त्या ग्लॉसमध्ये तर मिरचीचा अर्कही असतो. त्याबद्दल आणखी काय बोलायचं!

स्ट्रॉबेरी, चॉकलेट, व्हॅनिला असले स्वादाचे बाम मी मुलांना तर अजिबात देऊ देत नाही. गोड वास आला की जीभ बाहेर येते. लाळ लावली की क्षणभर ओलं वाटतं, पण ती उडताना ओठ आधीपेक्षा कोरडे करून जाते, आणि लाळेत अन्न पचवणारी रसायनं असतात ती त्या पातळ त्वचेला त्रास देतात ते वेगळंच. शाळकरी मुलांच्या तोंडाभोवती जिभेच्या टोकापर्यंतच्या अंतराचं लाल-काळं वर्तुळ दिसतं, सर्कशीतल्या विदूषकासारखं. आया ते गजकर्ण समजून मेडिकलमधून स्टिरॉइड मिसळलेलं मलम आणून लावतात. चार दिवस बरं वाटतं आणि मग तोंडाभोवती पुटकुळ्या उठतात. त्या मुलाला साधी जेली आणि जिभेवर लक्ष, एवढंच पुरलं असतं.

काळ्या कडांकडे येते. ओठांचा मूळ रंग आईवडिलांकडून येतो, त्याला बाम काही करू शकत नाही. पण आधी नसलेला काळपटपणा कडेला पट्टीसारखा आला तर तिथे बरेच दिवस हलकी सूज असणार. चाटण्याने, सालं ओढण्याने, विडी-सिगारेटने, किंवा ॲलर्जीने. ॲलर्जी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे सुजलेले ओठ येतात. तसं होतंच असं नाही. महिनोन्महिने नुसती साल, जराशी खाज आणि काळी कड, एवढंच असू शकतं. बाममधले सुवास आणि स्वाद यात आघाडीवर, पण "नैसर्गिक" म्हणून विकली जाणारी प्रोपोलिस (मधमाश्या पोळ्यात वापरतात तो झाडांचा चीक), लॅनोलिन, कधी एरंडेलसुद्धा, आणि काही सनस्क्रीनची रसायनंही ॲलर्जी करतात. आणि बामला दोष देण्याआधी टूथपेस्ट बघा. दालचिनी-पुदिन्याची झणझणीत पेस्ट दिवसातून दोनदा ओठांच्या कडेवरून वाहते. माझ्याकडे एक बँकेतले गृहस्थ सात बाम बदलून आले होते, आणि पेस्ट मात्र तीच होती, वीस वर्षं. साधी, कमी फेसाची, पुदिना नसलेली पेस्ट सुरू केली, तीन आठवड्यांत ओठ शांत झाले. म्हणून ओठांच्या पेशंटला मी पिशवी आणायला सांगते: ओठांना जे जे लागतं ते सगळं. बाम, लिपस्टिक, पेस्ट, माउथवॉश, फेसवॉश, वाजवत असतील तर बासरीसुद्धा. गरज पडली तर पॅच टेस्ट करतो. पाठीवर पट्ट्या लावायच्या, अठ्ठेचाळीस तासांनी काढायच्या, आणि मग आणखी एक-दोन दिवसांनी पुन्हा बघायचं.

ओठ गुलाबी करायला लिंबू-साखर चोळू नका, हे हात जोडून सांगते. लिंबाचा रस लागलेल्या त्वचेवर ऊन पडलं की ती भाजल्यासारखी होऊन काळी पडते. म्हणजे ज्यासाठी चोळलं त्याच्या नेमकं उलट.

आजींच्या प्रश्नाला मी टाळणार नाही, कारण माझं माहेर सावंतवाडीकडचं आणि आमच्याकडे थंडीत बाम नव्हता, मुठेल होतं. कोकम म्हणजे भिरंड. तिच्या बिया वाळवून, फोडून, कुटून पाण्यात उकळतात, वर तरंगतं ते तूप काढून त्याचे मुठीत मावतील असे पांढरट-पिवळे गोळे करतात. कुणी मुठेल म्हणतं, कुणी भिरंडेल, घाटावर आमसुलाचं तेल म्हणून विकतात. नाव तेल असलं तरी ते दगडासारखं घट्ट असतं. आई चुलीपुढे पळी तापवायची, तिच्यावर गोळा एकदा फिरवायची आणि पळीला लागलेला तो ओघळ बोटाने आमच्या ओठांना, टाचांना लावायची. गरम लागायचं, मग क्षणात गोठून पातळ पापुद्रा बसायचा. आता डॉक्टर म्हणून बघते तेव्हा त्यातली अक्कल कळते. कोको बटर अंगाच्या उबेलाच वितळतं, कोकमाचं तूप वितळायला त्याहून जास्त उष्णता लागते. म्हणून ते ओठांवर टिकतं, त्याला स्वाद नाही म्हणून कुणी चाटत नाही, आणि एक-दोन वर्षं खवटही होत नाही. हल्ली परदेशी बामच्या लेबलवर "गार्सिनिया इंडिका" वाचलं की मला हसू येतं. तेच ते.

घरी बाम करायचा असेल तर मी हेच वापरते. मधमाश्यांचं मेण दहा ग्रॅम, कोकमतेल दहा ग्रॅम आणि खोबरेल किंवा बदाम तेल तीस ग्रॅम. पातेल्यात पाणी उकळत ठेवून त्यावर कोरड्या वाटीत आधी मेण वितळवायचं, मग कोकमतेल, शेवटी पातळ तेल. मेण साधारण साठ-पासष्ट अंशांना वितळतं, थेट गॅसवर ठेवाल तर जळका वास येतो. वितळलं की एक थेंब गार स्टीलच्या ताटलीवर टाका, मिनिटभराने बोट फिरवा. फार घट्ट वाटलं तर चमचाभर तेल, पातळ वाटलं तर चिमूटभर मेण. हे प्रमाण नाशिकच्या थंडीचं. मे महिन्यात नागपुरात पर्समध्ये ठेवणार असाल तर मेण वाढवा. ह्यात पाण्याचा थेंब जाता कामा नये. पाणी नाही म्हणून परिरक्षक लागत नाही. गुलाबपाणी, कोरफडीचा ताजा गर, बिटाचा रस घातलात की बुरशीला आमंत्रण. सुगंधासाठी तेलाचे थेंबही घालू नका, नाहीतर वर लिहिलेलं सगळं वाया गेलं.

साजूक तूप वाईट नाही. झाकण म्हणून पातळ पडतं, लवकर उतरतं, आणि चवीचं असल्यामुळे ओठांपेक्षा पोटात जास्त जातं. रात्री झोपताना लावायला हरकत नाही. बेंबीचं मात्र आजींना जपून सांगा. बेंबी म्हणजे गळून पडलेल्या नाळेचा व्रण, तिथून ओठांपर्यंत तेल जायला वाट नाही. आमच्या घरीही हा उपचार होता आणि आईला त्याचा गुण यायचाही. फार वर्षांनी लक्षात आलं की बेंबीत तेल घालून झालं की बोटाला उरलेलं ती ओठांवर पुसायची.

बोरोलीनची हिरवी ट्यूब १९२९ पासून कोलकात्याहून येते आणि निम्म्या महाराष्ट्राच्या फडताळात आहे. तिच्यातलं लॅनोलिन आणि झिंक ऑक्साइड कोपर-टाचांना छान. पण बोरिक ॲसिड असलेली कुठलीही अँटिसेप्टिक क्रीम दिवसातून दहा वेळा ओठांवर लावायची वस्तू नाही, कारण ओठांवरचं पोटात जातंच. तान्ह्या बाळाच्या ओठांना तर ती नकोच, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मधही नको. ओठ कोरडे दिसतात म्हणून मधाचं बोट लावणाऱ्या आज्या अजून आहेत. मधात बोट्युलिझम हा स्नायू लुळे पाडणारा आजार करणाऱ्या जंतूंचे बीजाणू असू शकतात, आणि बाळाच्या आतड्यात ते रुजू शकतात. साधी पेट्रोलियम जेली, अगदी पातळ. बस्स.

उन्हाबद्दल शहरातले लोक क्रीमच्या बाबतीत फार जागरूक असतात आणि ओठ विसरतात. खालचा ओठ पुढे असतो, वरून येणारं ऊन तो सरळ झेलतो, आणि त्याच्यात रंगद्रव्यही कमी. माझ्याकडे द्राक्षबागाईतदार पुष्कळ येतात. एप्रिलची खरड छाटणी भर उन्हात, मग ट्रॅक्टरवर बसून फवारण्या. पंचावन्न वर्षांचे एक काका तीन महिने खालच्या ओठावरच्या एका खरखरीत पांढुरक्या चट्ट्याला मुलीचा बाम लावत होते. ओठ फुटलाय असं समजून. त्यात तंबाखूची गोळी नेमकी त्याच ओठामागे. तुकडा काढून तपासला, पुढे कर्करोगाकडे जाऊ शकतील असे बदल निघाले. वेळेत सापडलं, चट्टा काढून टाकला, आज ठीक आहेत. म्हणून हा एक नियम मी सगळ्यांना सांगते: ओठावरची कुठलीही जखम, चट्टा किंवा गाठ तीन आठवड्यांत बरी झाली नाही तर बाम बाजूला ठेवायचा आणि दाखवायला यायचं. तंबाखू, मिश्री, गुटखा असेल तर तीन आठवडेही थांबू नका.

दिवसभर बाहेर असणाऱ्यांनी एसपीएफ (उन्हापासून बचावाचा आकडा) तीस किंवा जास्त असलेला बाम घ्यावा, शक्यतो झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइडचा. ओठ जरा पांढुरके दिसतात, दिसू देत. दर दोन तासांनी आणि काही खाल्लं-प्यायलं की पुन्हा. इथे वारंवार लावणं योग्य आहे. घरी आल्यावर आणि रात्री साधा.

कोपरे फाटणं हा बामचा विषयच नाही. दोन्ही कोपऱ्यांत लाल चीर, पांढरट ओल, जांभई दिली की रक्त, हे बहुतेकदा बुरशीचं किंवा जंतूंचं असतं, आणि त्यामागे रक्तात लोह कमी, बी गटातली जीवनसत्त्वं कमी, म्हाताऱ्या माणसांत सैल कवळी, कधी मधुमेह. तिथे नुसता बाम लावत बसलात तर महिना जाईल. तसंच ताप किंवा उन्हानंतर ओठाच्या कडेला एकत्र उठणारे पाण्याचे बारीक फोड, आधी चुणचुण आणि मग फोड. हा हर्पिसचा विषाणू. त्यासाठी वेगळं औषध आहे, ते चुणचुण सुरू होताच घेतलं तर कामाचं. त्या दिवसांत कांडीचा बाम थेट फोडांवर फिरवू नका आणि तो कुणाला देऊ नका. खरं तर एरवीही देऊ नका. कॉलेजच्या मुली एक कांडी चौघींत फिरवतात, ते मला बघवत नाही. आणि एप्रिल-मेमध्ये आंबा चोखून ओठांच्या कडेला आग आणि पुरळ आलं तर तो चीक आहे. देठाकडचा भाग कापून, फळ धुऊन, फोडी करून खा. आंबा सोडा असं म्हणायची माझी हिंमत नाही.

मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या सुरू असतील तर ओठ सुकणारच, जवळजवळ प्रत्येकाचे सुकतात. तिथे बाम गोळीबरोबर पहिल्याच दिवशी सुरू करायचा, ओठ फाटायची वाट बघायची नाही. तुम्ही घेत असाल तर तुमच्या अर्ध्या प्रश्नाचं उत्तर तेच असेल.

ओठांखेरीज बाम कुठे कुठे चालतो, हेही लोक विचारतात. मुलं दरवेळी रुमाल घासून नाकाखालची कातडी लाल करतात तिथे. नखांच्या मुळाशी सुटणाऱ्या सालींवर. केसांना मेंदी किंवा डाय लावण्याआधी कपाळाच्या कडेने, म्हणजे रंग बसत नाही. रंगपंचमीला ओठ, नखं आणि कानाच्या पाळ्यांवर, घराबाहेर पडण्याआधी. नवी चप्पल चावते तिथे. अडकलेली अंगठी काढायला. अंथरुणाला खिळलेली वयस्कर माणसं तोंड उघडं टाकून झोपतात, त्यांच्या ओठांना ओल्या कापसाने पुसून पातळ थर दिला तर त्यांना फार बरं वाटतं. मात्र घरी ऑक्सिजन सुरू असेल तर पेट्रोलियम जेली किंवा तेलकट बाम नाकाओठांना लावू नका, ऑक्सिजनच्या सान्निध्यात ते पेट घेऊ शकतं. त्यांच्यासाठी पाण्याच्या आधाराचा जेल मिळतो. नाकपुडीत खोलवर जेली भरून ठेवायची सवयही चांगली नाही. आणि ताज्या भाजलेल्या जागी बाम नाही, आधी नळाचं पाणी, वीस मिनिटं.

आता तुमच्यापुरतं. दोन आठवडे ओठांना फक्त पांढरी, बिनवासाची पेट्रोलियम जेली, दुसरं काहीही नाही. लिपस्टिकही नाही. सकाळी दात घासून तोंड धुतल्यावर, दुपारी जेवणानंतर, संध्याकाळी आणि रात्री, दरवेळी ओठ जरा दमट असताना. पेस्ट बदला. टेबल एसीच्या झोताखाली असेल तर खुर्ची फूटभर सरकवा. साली दातांनी ओढता का, ते शेजारच्या मैत्रिणीला बघायला सांगा, कारण आपलं आपल्याला कळत नाही. पहिले तीन-चार दिवस गार न वाटल्यामुळे काहीतरी चुकल्यासारखं वाटेल. साल निघणं आठ-दहा दिवसांत कमी व्हायला हवं, काळी कड मात्र काही महिने घेईल. दोन आठवड्यांनी साल तशीच राहिली तर पिशवी भरून जवळच्या त्वचारोगतज्ज्ञाकडे जा.

ओठ बरे झाल्यावर तुमच्या तिन्ही बामची लेबलं वाचा. मेण, तेल, शिया असा साधा असेल तो पर्समध्ये ठेवा. डबीतला असेल तर बोट धुऊन घाला, आणि उघडल्यापासून किती महिन्यांचा ते मागे छापलेलं असतं. मेंथॉलवाला टाकवत नसेल तर बॅगेची चेन अडकते ना, तिला लावा. तिथे तो उत्तम काम करतो.